गोव्यात विशेष शिक्षिका व्हायचे आहे: नोंदणी, अभ्यासक्रम आणि प्रात्यक्षिकाची दोन वर्षे

वाळपईजवळच्या एका प्राथमिक शाळेत मदतनीस म्हणून काम करणाऱ्या ताईंनी विचारले आहे: मराठी विषय घेऊन बी.ए. झाले आहे, गेली तीन वर्षे वर्गातल्या एका मुलाशेजारी बसून त्याला मदत करते आहे, आता रीतसर विशेष शिक्षिका व्हायचे आहे. डी.एड. करावे की बी.एड., नोकरी सांभाळून होईल का, गोवा सोडावा लागेल का, आणि ओळखीच्या कोणीतरी सुचवलेला सहा महिन्यांचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स पुरेल का? मी २१ वर्षे गोव्यात विशेष शिक्षिका म्हणून काम करते आहे आणि त्यातली अलीकडची बरीच वर्षे प्रशिक्षणार्थींच्या पाठांचे निरीक्षण करण्यातही गेली आहेत. त्या अनुभवावरून लिहिते.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यात पैसे अडकलेले असतात. सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स पुरत नाही. आपल्या देशात विशेष शिक्षकाचे काम भारतीय पुनर्वास परिषदेच्या कायद्याखाली येते. हा कायदा १९९२ सालचा आहे आणि १९९३ पासून परिषद वैधानिक संस्था म्हणून काम करते. परिषदेने मान्यता दिलेला अभ्यासक्रम, मान्यता असलेल्याच संस्थेतून पूर्ण केला, तर तुमचे नाव केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत चढते आणि तुम्हाला नोंदणी क्रमांक मिळतो. लोक ज्याला बोलताना ‘लायसन्स’ म्हणतात ते हेच. नोंदणी नसताना हा व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा कायद्याच्या कलम १३ मध्ये सांगितलेल्या आहेत. साधे बी.एड. कितीही चांगल्या गुणांनी झालेले असले तरी त्यावर ही नोंदणी होत नाही, हेही अनेकांना उशिरा कळते. छोट्या ऑनलाइन कोर्समधून तुम्हाला काही नवे समजेल, त्याला माझी ना नाही. पण त्या कागदावर नोंदणी नाही आणि विशेष शिक्षकाच्या पदासाठी तो चालणार नाही.

आता डी.एड. की बी.एड. विशेष शिक्षणातील डी.एड. बारावीनंतर करता येते, बी.एड. पदवीनंतर, दोन्हींची मुदत दोन वर्षे आहे आणि दोन्हींसाठी सर्वसाधारण गटात किमान ५० टक्के गुण लागतात. तुम्ही पदवीधर असल्यामुळे दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. पदवीधराने डिप्लोमा करणे म्हणजे एक पायरी खाली उतरणे, असे घरचे म्हणतील. मला ते पटत नाही. डी.एड. प्राथमिक वयाच्या मुलांसाठी आहे, त्यात सिद्धान्तापेक्षा प्रात्यक्षिकाचे तास जास्त असतात आणि मुलाला जेवायला, कपडे घालायला, पेन्सिल धरायला शिकवण्याचे काम त्यात अधिक खोलात जाऊन करावे लागते. बी.एड. उच्च प्राथमिक आणि माध्यमिक वर्गांकडे नेते, त्यात विषयाचे अध्यापन येते. तुम्हाला सहा-सात वर्षांच्या मुलांसोबत राहायचे असेल तर डी.एड. करा, आणि आठवी-नववीच्या मुलाला इतिहासाचा धडा सोपा करून शिकवण्यात रस असेल तर बी.एड. करा. कोणत्या वयाच्या मुलाशेजारी बसून तुमचा दिवस चांगला जातो, हे तीन वर्षांच्या कामावरून तुम्हाला माहीत आहेच.

त्यानंतर प्रवाह निवडावा लागतो आणि हा निर्णय डी.एड.-बी.एड.च्या निर्णयाहून मोठा आहे, कारण पुढे नोंदणीवर तोच प्रवाह लिहिला जातो. बौद्धिक व विकासात्मक दिव्यांगता, श्रवणदोष आणि दृष्टिदोष हे मुख्य प्रवाह आहेत. काही ठिकाणी अध्ययन अक्षमता किंवा स्वमग्नता असेही असतात. श्रवणदोषाच्या प्रवाहात ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख) वाचणे, श्रवणयंत्राची रोजची तपासणी, सांकेतिक भाषा हे शिकावे लागते. दृष्टिदोषाच्या प्रवाहात भारती ब्रेल, टेलर फ्रेम (स्पर्शाने गणित करायची पाटी), ॲबॅकस आणि पांढऱ्या काठीने चालण्याचे प्रशिक्षण असते, आणि सहा टिंबांची ती लिपी बोटांच्या टोकांत बसायला महिने जातात. तुमचे आजवरचे काम ज्या मुलासोबत आहे त्यावरून तुम्हाला बौद्धिक व विकासात्मक दिव्यांगतेचा प्रवाह जवळचा वाटेल असे दिसते. पण तेवढ्यावर ठरवू नका. दोन-तीन वेगळ्या शाळांत जाऊन बसा आणि मग ठरवा.

मान्यतेविषयी थोडे कठोरपणे सांगते. परिषदेची मान्यता संस्थेला सरसकट मिळत नाही. ती अभ्यासक्रमाला मिळते, ठरावीक जागांसाठी आणि ठरावीक मुदतीसाठी मिळते. माझ्यासोबत काम केलेल्या एका मुलीने परराज्यातल्या एका संस्थेत पैसे भरले. तिथे मान्यता होती ती श्रवणदोषाच्या डिप्लोमाची, तिला प्रवेश दिला गेला तो दुसऱ्याच अभ्यासक्रमाला, आणि पहिल्या मान्यतेची मुदतही तोवर सरली होती. दोन वर्षांनी हातात गुणपत्रिका आली, नोंदणी मात्र झाली नाही. तिने पुन्हा पहिल्यापासून दोन वर्षे केली आणि आज ती उत्तम शिक्षिका आहे, पण तिच्या आईने त्या पहिल्या फीसाठी मोडलेला दागिना परत आला नाही. म्हणून परिषदेच्या संकेतस्थळावर राज्यवार यादी असते ती स्वतः उघडून पाहा. संस्थेचे नाव, अभ्यासक्रमाचे नाव, जागा आणि मान्यतेचा कालावधी या चारही गोष्टी तुमच्या प्रवेशवर्षाशी जुळल्या पाहिजेत. दूरशिक्षणाचेही तेच आहे: मुक्त विद्यापीठातून विशेष शिक्षणाचे बी.एड. करता येऊ शकते, परंतु त्या विद्यापीठाच्या त्या अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता हवी आणि प्रात्यक्षिके प्रत्यक्ष मुलांसमोर झालेली हवीत. ‘फक्त परीक्षेला या’ असे कोणी सांगितले तर तिथून उठून या.

नोकरी सांभाळून नियमित डी.एड. होत नाही. प्रात्यक्षिके शाळेच्या वेळेतच असतात, कारण मुले त्याच वेळी असतात. गोवा सोडावा लागेल का, हे तुम्ही निवडलेल्या प्रवाहावर आणि त्या वर्षीच्या यादीवर ठरेल, म्हणून आधी यादीत गोव्याचे पान पाहा. बाहेर जावे लागले तर मुंबईत वांद्र्याला श्रवणदोषाच्या क्षेत्रातली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, आणि सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगजनांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र नवी मुंबईत आहे. थिवीला रात्री कोकण रेल्वेत बसलात की सकाळी मुंबई. प्रवेशापूर्वी अध्यापनाचे आणि उत्तरपत्रिकेचे माध्यम कोणते हे अवश्य विचारा. मराठीतून विचार करणाऱ्या विद्यार्थिनीला केवळ इंग्रजी संज्ञांमुळे मागे पडताना मी पाहिले आहे.

प्रात्यक्षिकाचे तास भरून काढायचे नसतात; आपण शिक्षक होतो ते तिथेच. माझ्या प्रशिक्षणात पहिल्या आठवड्यात मला एका नऊ वर्षांच्या मुलाचे निरीक्षण करायला दिले होते. मी वहीत लिहिले: ‘मुलगा हट्टी आहे. सांगितलेले ऐकत नाही.’ मार्गदर्शक बाईंनी ‘हट्टी’ या शब्दाखाली रेघ मारली आणि एवढेच विचारले की, तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलेत ते यात कुठे आहे? मी आणखी तीन दिवस बसले आणि वर्गशिक्षिका काय बोलतात ते शब्दशः लिहून काढले. सकाळी मूल दारात आले की त्या म्हणत, ‘दप्तर खुंटीला लाव, चप्पल काढ आणि जागेवर बस.’ मुलगा थेट जाऊन जागेवर बसे. दप्तर पाठीवरच, चप्पल पायातच. तीनही दिवस तसेच. तो ऐकत नव्हता असे नाही. त्याने शेवटचे ऐकलेले तेवढे तो नेमाने करत होता, आधीच्या दोन सूचना त्याच्या ध्यानात राहत नव्हत्या. चौथ्या दिवशी वर्गशिक्षिकांनी एका वेळी एकच गोष्ट सांगितली, ती झाल्यावर दुसरी. दप्तर खुंटीला लागले. माझ्या वहीतला ‘हट्टी’ हा शब्द तसाच राहिला असता तर त्या मुलावर आम्ही वर्षभर वागणूक सुधारण्याचे उपाय करत बसलो असतो.

निरीक्षणानंतर मूल्यमापन येते. बौद्धिक दिव्यांगतेच्या प्रवाहात सिकंदराबादच्या संस्थेने तयार केलेली कार्यात्मक मूल्यमापनाची तपासणी सूची वापरायला शिकवतात; जेवण, कपडे, संवाद, लेखन, अंक, पैसे अशा बाबींत मूल स्वतःहून काय करते, कोणत्या मदतीने करते आणि काय करत नाही हे तिच्यात नोंदवले जाते. मग वैयक्तिक शिक्षण कार्यक्रम लिहायचा, ज्याला सगळे आयईपी म्हणतात. नव्या प्रशिक्षणार्थी इथे हमखास चुकतात. ‘मुलाला पैशांची ओळख होईल’ असे उद्दिष्ट लिहितात. ओळख झाली हे ओळखायचे कसे? माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीला मी ते उद्दिष्ट चार वेळा पुन्हा लिहायला लावले. शेवटी तिने लिहिले ते असे (पोदेर म्हणजे दारोदार येणारा पाववाला): ‘सकाळी पोदेराच्या भोंग्याचा आवाज आल्यावर मुलगी वीस रुपयांची नोट व पिशवी घेऊन फाटकापर्यंत जाईल, चार पाव मागेल, नोट देईल आणि पाव पिशवीत घेऊन परत येईल, आठवड्यातील पाचपैकी चार दिवस, कोणीही तोंडी सूचना न देता.’

हे उद्दिष्ट मोजता येते. मग त्या विद्यार्थिनीने या एका कामाचे अकरा टप्पे पाडले. भोंगा ऐकून हातातले काम थांबवणे, हा पहिला. खुंटीवरची पिशवी काढणे, हा दुसरा. पोदेराच्या सायकलजवळ जाऊन थांबणे हा स्वतंत्र टप्पा होता, कारण मुलगी थेट पाटीत हात घालत असे. प्रत्येक टप्प्यासमोर मदतीची पातळी लिहायची: हात धरून, खुणेने, शब्दांनी की आपणहून. सुरुवातीला शेवटचा टप्पा, म्हणजे पावाची पिशवी आईच्या हातात देणे, तेवढा मुलीकडे ठेवला आणि बाकीचे दहा टप्पे विद्यार्थिनीने तिच्यासोबत केले. काम पूर्ण झाल्याचा आनंद पहिल्याच दिवशी मुलीला मिळावा म्हणून मागून पुढे यायचे. तिथून एकेक टप्पा मुलीकडे जात राहिला. सात आठवडे लागले. पोदेरालाही सांगून ठेवावे लागले की तिने मागितल्याशिवाय पाव देऊ नका, आणि त्याने ते मनापासून पाळले. विशेष शिक्षणात शाळेबाहेरच्या माणसांना कामात घ्यावे लागते ते असे.

गोव्यात काम करणाऱ्याला एक गोष्ट पाठ्यपुस्तकातून मिळत नाही, ती भाषेची. आपल्याकडच्या कित्येक मुलांची घरची बोली कोकणी, पहिलीत माध्यम मराठी, पाचवीपासून इंग्रजी, आणि सांताइनेज किंवा वास्कोसारख्या ठिकाणी घरात कन्नड किंवा हिंदीही. बाहेरून आलेल्या चाचण्या आणि तपासणी सूच्या हे गृहीत धरत नाहीत. एका प्रशिक्षणार्थीने कुत्र्याचे चित्र दाखवले, मुलगा म्हणाला ‘सुणें’, तिने चूक नोंदवली. पक्ष्याला त्याने ‘शेवणें’ म्हटले, तीही चूक. मग तो मोजू लागला: ‘चार, पांच, स, सात, आठ, णव, धा.’ तिने लिहिले, सहा आणि नऊ येत नाहीत. मुलाला सगळे येत होते. पेडण्याची किंवा सत्तरीची शिक्षिका अशी चूक करणार नाही असे आपल्याला वाटते, पण प्रशिक्षणात मराठी शब्दांची यादी हातात आली की आपल्याच घरातली भाषा आपण विसरतो. मी माझ्या विद्यार्थिनींना प्रत्येक शाब्दिक घटकासमोर एक जास्तीचा रकाना आखायला सांगते: मुलाने नेमका कोणता शब्द उच्चारला, तो जसाच्या तसा. घरी आईला विचारून मगच बरोबर की चूक ठरवायचे. वाणीदोष आहे की बोलीचा उच्चार आहे, हेही याच रकान्यामुळे कळते.

शिकवण्याचे साहित्यही इथलेच वापरा. चतुर्थीच्या आधी माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीसाठी, घरात येणारी सुपारी, नारळ, तोरिंजन, रानफळे यांनी वर्गीकरण, मोजणी, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे सगळे शिकवता येते, आणि मुलाला त्या वस्तूंचे प्रयोजन आधीच माहीत असते. विकतचे प्लॅस्टिकचे सफरचंद पाठाच्या दिवशी टेबलावर छान दिसते. मुलाने ते फळ म्हणून ओळखावे अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

आपले काम कुठे संपते हेही प्रशिक्षणातच पक्के झाले पाहिजे. निदान करणे विशेष शिक्षकाचे काम नाही. बुद्धिमापन चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतात, श्रवणक्षमता ऑडिओलॉजिस्ट तपासतात, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र वैद्यकीय मंडळ देते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगता आहेत, आणि विशिष्ट अध्ययन अक्षमताही (डिस्लेक्सिया हा तिचाच प्रकार) त्यांत आली आहे. तिचे प्रमाणपत्र मूल आठ वर्षांचे होण्याआधी मिळत नाही, कारण लहान वयात वाचनाला होणारा उशीर अनेक कारणांनी असू शकतो. तेव्हा पहिलीतल्या मुलाच्या आईने ‘ह्याला डिस्लेक्सिया आहे का हो?’ असे विचारले तर होय किंवा नाही यांपैकी काहीही सांगू नका. तो काय वाचतो, कुठे अडतो, कोणत्या मदतीने पुढे जातो हे वहीतून दाखवा आणि योग्य ठिकाणी पाठवा. पालक आपला शब्द वर्षानुवर्षे मनात ठेवतात. ‘हा कधी बोलणार नाही’ असे एका आईला पूर्वी कोणीतरी सांगितले होते. मुलगा चित्रांच्या कार्डांनी पाणी, शौचालय, बाहेर जाणे हे सगळे मागू लागला तरी ती आई ते ‘बोलणे’ मानायला दोन वर्षे तयार नव्हती.

अंतिम परीक्षा झाली की नोंदणीचा अर्ज परिषदेकडे ऑनलाइन करायचा असतो. गुणपत्रिका हाती आल्याबरोबर करा, कारण मुलाखतीच्या वेळी नोंदणी क्रमांक मागतात. नोंदणीला मुदत असते. नूतनीकरणासाठी मधल्या काळात परिषदेने मान्य केलेल्या निरंतर प्रशिक्षणांना हजर राहून ठरावीक गुण जमवावे लागतात. या प्रशिक्षणांची प्रमाणपत्रे एका फायलीत लावत जा. शेवटच्या वर्षी धावाधाव करणारे मी दरवर्षी पाहते.

नोकरीबाबत परिस्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वसाधारण शाळांसाठी प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढील स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले, आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना ही पदे अधिसूचित करून भरण्याचे पुन्हा निर्देश दिले. प्रत्यक्ष भरती कंत्राटी की कायम, हे जाहिरातीगणिक वेगळे असते. गोव्यातल्या सरकारी जाहिरातींत १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचे ज्ञान बहुधा मागितलेले असते, मराठीचे ज्ञान इष्ट म्हटलेले असते. शिवाय शिक्षक पात्रता परीक्षेची अट आहे का, तेही त्या त्या जाहिरातीत नीट वाचा. मामलेदार कार्यालयातून दाखला आधीच काढून ठेवलात तर ऐनवेळी अडचण येत नाही.

अर्ज भरण्यापूर्वी मात्र एक काम करा. पर्वरीची संजय शाळा, ढवळीची लोकविश्वास प्रतिष्ठानची शाळा, तुमच्या जवळ डिचोलीत केशव सेवा साधना, यांपैकी जिथे परवानगी मिळेल तिथे मुख्याध्यापकांना भेटून काही दिवस मागच्या बाकावर बसा. मुलांच्या गोष्टी बाहेर बोलायच्या नाहीत, फोटो काढायचे नाहीत, एवढे पथ्य पाळा. आणि सध्या ज्या मुलाशेजारी बसता त्याच्यासाठी, त्याच्या पालकांना व वर्गशिक्षिकेला विचारून, शंभर पानांची एक वही घाला. पानावर तीन उभे रकाने: आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय घडले. वर तारीख आणि वेळ. मधल्या सुट्टीनंतरची पंधरा मिनिटे रोज लिहिलीत तरी पुष्कळ आहेत. दोन आठवड्यांनी ती पाने सलग वाचा आणि तुम्ही जे पाहिले नाही, फक्त तुम्हाला वाटले, अशा प्रत्येक शब्दाखाली लाल पेनाने रेघ मारा.